अर्धसूत्री विभाजन पायरीपायरीने: लोकरीचा धागा, कांद्याची कळी, सिकलसेलचे घर आणि संत्र्याची रोपवाटिका

काटोल-कळमेश्वर पट्ट्यात संत्र्याची रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. जंबेरीचे, म्हणजे संत्र्याच्या कलमासाठी खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या लिंबूवर्गीय झाडाचे, बी पेरले, तर उगवणारी बहुतेक रोपे एकमेकांसारखी आणि ज्या झाडाचे बी आहे त्या झाडासारखी निघतात. संकरित कपाशीच्या बोंडातली सरकी पुढच्या हंगामात पेरली, तर मात्र शेतात उंच आणि ठेंगणी, लवकर फुटणारी आणि उशिरा फुटणारी अशी सरमिसळ झाडे उभी राहतात. एकाच मातीत, पेरण्याच्या एकाच कृतीतून असे उलट निकाल येतात, कारण सरकीमागे फूल उमलण्याच्या कितीतरी आधी कळीत घडून गेलेले एक विशिष्ट पेशीविभाजन असते आणि जंबेरीच्या बहुतेक गर्भांनी नेमके तेच विभाजन टाळलेले असते. हे विभाजन म्हणजे अर्धसूत्री विभाजन, ज्यात गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, संख्या निम्मी होते.

शाळेत हा विषय अवस्थांच्या नावांच्या रूपाने भेटतो: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, आणि हेच सगळे पुन्हा एकदा. नावे पाठ झाली तरी आनुवंशिकता कळत नाही, कारण सगळे महत्त्व एकाच घटनेला आहे. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली समजात (एकाच प्रकारची) गुणसूत्रे एकमेकांना शोधतात, त्यांची जोडी जुळते आणि मग ती जोडी फुटते. त्यामुळे कोणत्याही जिवाबद्दल तीन प्रश्न विचारावेत: जोडी जुळते का, जुळल्यावर तुकड्यांची अदलाबदल होते का, आणि हे सगळे त्याच्या जीवनचक्रात नेमके कधी घडते? माणूस असो, कांदा असो वा मधमाशी, या तीन उत्तरांवरून त्याच्या पुढच्या पिढीत काय दिसेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. पुढच्या पायऱ्या हे प्रश्न हाताने, डोळ्याने आणि कागदावर सोडवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: लोकरीचे धागे

नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीत कुठेही मिळणारी दोन रंगांची लोकर घ्या, समजा केशरी आणि हिरवी. केशरी रंग आईकडून आलेल्या गुणसूत्रांचा आणि हिरवा वडिलांकडून आलेल्यांचा. प्रत्येक रंगाचा एक लांब आणि एक आखूड तुकडा कापा. आता आपल्याकडे चार गुणसूत्रांची, म्हणजे दोन जोड्यांची पेशी आहे. विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार होते, म्हणून प्रत्येक तुकड्यासारखाच दुसरा तुकडा कापून तो पहिल्याला एका ठिकाणी गाठीने बांधा. ही गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू, आणि गाठीने जोडलेले दोन धागे म्हणजे दोन क्रोमॅटिड.

आधी साधे सूत्री विभाजन करून पाहा. चारही गुणसूत्रे कागदावर एका रांगेत स्वतंत्रपणे मांडा, प्रत्येक गाठ सोडा आणि एकेक धागा दोन्ही बाजूंना न्या. दोन्ही बाजूंना चार-चार धागे जातात, आणि दोन्ही संच मूळ संचासारखेच असतात. शरीराची वाढ आणि जखम भरून येणे या मार्गाने होते.

आता गाठी पुन्हा बांधा आणि या वेळी लांब केशरीजवळ लांब हिरवा, आखूड केशरीजवळ आखूड हिरवा असे शेजारी ठेवा. प्रत्येक जोडीत एक केशरी आणि एक हिरवा धागा समान अंतरावर कापून त्यांच्या टोकांची अदलाबदल करा. याला पारगती म्हणतात. त्यानंतर प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवा. छापा आला तर केशरी डावीकडे, काटा आला तर हिरवा डावीकडे. जोड्या फोडा, पण गाठी सोडू नका. हे पहिले विभाजन, आणि गुणसूत्रांची संख्या इथेच निम्मी होते. शेवटी दोन्ही बाजूंच्या गाठी सोडून धागे वेगळे करा. हे दुसरे विभाजन असून त्याची घडण सूत्री विभाजनासारखीच असते. चार पेशी मिळतील, आणि प्रत्येकीत एक लांब व एक आखूड असे दोनच धागे असतील. हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून प्रत्येक वेळचे रंग वहीत लिहा, म्हणजे युग्मके (शुक्राणू, अंडपेशी यांसारख्या लैंगिक पेशी) एकमेकांपासून किती वेगळी होत जातात ते स्वतःच्या अक्षरात दिसेल.

पारगतीजवळ थोडे अधिक थांबावे, कारण तिच्याबद्दल अर्धीच गोष्ट सांगितली जाते. पारगतीमुळे विविधता येते हे खरे, पण बहुतेक जिवांत तिचे पहिले काम यांत्रिक आहे. पूर्वावस्थेत एसपीओ ११ नावाचे प्रथिन डीएनएचे दोन्ही पदर ठिकठिकाणी मुद्दाम तोडते. पेशी ही तूट दुरुस्त करताना शेजारच्या समजात गुणसूत्राचा नमुना वापरते, आणि काही ठिकाणी या दुरुस्तीतून खरोखरची अदलाबदल होते. अदलाबदल झालेली जागा आणि क्रोमॅटिडना धरून ठेवणारी कोहेसिन प्रथिने मिळून जोडीला बांधून ठेवतात. दोन्ही बाजूंनी तुर्कतंतू (विभाजनात गुणसूत्रांना धरणारे पेशीतले धागे) ओढत असताना जोडी सुटून जात नाही, ताणली जाते, आणि या ताणामुळेच पेशीला कळते की जोडी नीट मांडली गेली आहे. एकही पारगती झाली नाही, तर जोडीतली दोन्ही गुणसूत्रे वाट्टेल तिकडे जाऊ शकतात. म्हणून बहुतेक सजीवांत प्रत्येक जोडीत किमान एक पारगती होतेच. फळमाशीच्या नरात आणि रेशीमकिड्याच्या मादीत मात्र पारगती होत नाही. तिथे जोडी धरून ठेवण्याची वेगळी सोय आहे.

अदलाबदलीत गुणसूत्रांचे प्रत्यक्ष तुकडे बदलतात, हे १९३१ साली हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर सिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतील अशा खुणा असलेले गुणसूत्र निवडून, दाण्याचे गुण आणि त्या खुणा एकत्रच सरकतात हे त्यांनी दाखवले. त्याआधी जवळपास तीस वर्षे, १९०२-०३ मध्ये, वॉल्टर सटन यांनी नाकतोड्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या जुळताना आणि फुटताना पाहून, मेंडेल यांनी मांडलेले आनुवंशिकतेचे घटक याच गुणसूत्रांवर असले पाहिजेत असा तर्क मांडला होता.

दुसरी पायरी: कांद्याची कळी सूक्ष्मदर्शकाखाली

लोकरीवर जे केले ते डोळ्यांनी पाहण्यासाठी कांद्यासारखी सोयीची वनस्पती नाही. तिची गुणसूत्रे मोठी आहेत आणि संख्या १६, म्हणजे जोड्या अवघ्या ८. बी धरण्यासाठी लावलेल्या कांद्याला हिवाळ्यात डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. शेत जवळ नसेल, तर कुंडीत कांदे लावूनही काम भागते. एकाच डेंगळ्यात लहानमोठ्या वयाच्या असंख्य कळ्या असल्यामुळे विभाजनाच्या वेगवेगळ्या अवस्था एकाच गुच्छात सापडतात.

डेंगळे नुकतेच आवरणातून बाहेर येत असताना, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान कळ्या तोडा. तोडलेल्या कळ्या लगेच स्थिरीकरण द्रावणात टाका: तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. हे द्रावण दरवेळी ताजे बनवावे, कारण ठेवून दिलेले द्रावण आपले काम करत नाही. ग्लेशियल ॲसिटिक आम्लाने कातडी भाजते आणि त्याच्या वाफा नाकाडोळ्यांना झोंबतात, म्हणून हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच काम करावे. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे द्रावणाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा एका टेबलावर कधीही ठेवू नये. चोवीस तासांनंतर कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, तर पुढे बरेच दिवस वापरता येतात.

काचपट्टीवर एक कळी फोडून परागकोश बाहेर काढा. ते पिवळे झाले असतील तर विभाजन होऊन गेले आहे. फिकट आणि पारदर्शक दिसत असतील तरच पुढे जा. ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्याचा एक थेंब टाकून परागकोश सुईने चिरडा. सुई लोखंडी असावी, कारण लोहाच्या अंशाने रंग गडद होतो. उरलेली साले बाजूला काढा, कव्हर स्लिप ठेवा, काचपट्टी दिव्यावरून हलकेच फिरवून कोमट करा, उकळू देऊ नका. मग टिपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हर स्लिप आडवी सरकली की पेशी फाटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. नागपूरच्या कोरड्या हवेत द्रव पटकन उडतो, आणि फेब्रुवारीनंतर तर फारच लवकर. म्हणून कडांना नेलपॉलिश लावून काचपट्टी बंद करणे चांगले.

आधी कमी भिंगातून पेशींचा घोळका शोधा, मग मोठे भिंग लावा. पूर्वावस्थेच्या मधल्या टप्प्यात, पॅकिटीनमध्ये, जाड दोरे दिसतात. तो प्रत्येक दोरा म्हणजे जुळलेली जोडी असते. डिप्लोटीनमध्ये जोडी सैल होते आणि पारगतीच्या जागी दोरे एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले दिसतात. पण पाहायचाच असा एक क्षण निवडायचा झाला, तर पहिल्या विभाजनाची मध्यावस्था निवडावी आणि संयमाने मोजणी करावी. १६ सुटी गुणसूत्रे दिसणार नाहीत, ८ एकके दिसतील. हा आठचा आकडा स्वतः मोजला की अर्धसूत्री विभाजन पुस्तकातून बाहेर येते. पुढच्या पेशींत आठ एका टोकाला आणि आठ दुसऱ्या टोकाला सरकताना दिसतील. कांदा एकदलिकित असल्यामुळे पहिल्या विभाजनानंतर लगेच भित्तिका तयार होऊन दोन पेशी होतात आणि नंतर चार. बहुतेक द्विदलिकितांत मात्र दोन्ही विभाजने पूर्ण झाल्यावरच चार पेशी एकदम वेगळ्या होतात.

कांदा जमल्यावर रिओची कळी जरूर पाहावी. बंगल्यांच्या कुंपणापाशी आणि कुंड्यांत लावलेली, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांची ही झुडपे असतात, आणि त्यांच्या होडीसारख्या आवरणात पांढरी फुले लपलेली असतात. या वनस्पतीत १२ गुणसूत्रे आहेत, पण भूतकाळात वेगवेगळ्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झाल्यामुळे त्यांच्या सुट्या जोड्या होत नाहीत. टोकाला टोक जुळून बाराही गुणसूत्रांचे एक कडे किंवा साखळी तयार होते. हे कडे फुटताना सगळी गुणसूत्रे नीट वाटली जात नाहीत, आणि म्हणून रिओचे बरेच परागकण निकामी निघतात. परागकणांना ॲसिटोकार्मिन लावून पाहिल्यास भरलेले लाल आणि रिकामे फिकट असे दोन प्रकार वेगळे दिसतात. जोडी जुळण्यात बिघाड झाला तर काय होते, याचा याहून सोपा पुरावा कुंडीत मिळणार नाही.

तिसरी पायरी: घरातले गणित

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीसाठी नाणे स्वतंत्रपणे उडते, त्यामुळे पारगती बाजूला ठेवली तरी एका व्यक्तीची युग्मके ८३,८८,६०८ प्रकारची होऊ शकतात, आणि एका दांपत्याच्या बाबतीत हा आकडा सुमारे ७० लाख कोटींवर जातो. सख्खी भावंडे एकमेकांसारखी असूनही वेगळी का असतात, याचे उत्तर इथे आहे.

विदर्भात हे गणित घरोघरी कामाला येते, कारण सिकलसेलचा आजार इथे मोठ्या प्रमाणात आढळतो. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाचे जनुक अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्यातल्या एका अक्षराच्या बदलाने प्रथिनातील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. एका गुणसूत्रावर बदललेले जनुक असेल तर व्यक्ती वाहक, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘एएस पॅटर्न’. दोन्हींवर असेल तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोन्हींवर नेहमीचे जनुक असेल तर ‘एए’.

समजा पती-पत्नी दोघेही एएस आहेत. पतीच्या एका पेशीत डीएनएची प्रत झाल्यावर दोन ए आणि दोन एस धागे असतात. दोन्ही विभाजने झाली की चार शुक्राणूंपैकी दोघांत ए आणि दोघांत एस जाते. पत्नीच्या पेशीतही वाटणी तशीच होते, पण चारपैकी एकच अंडपेशी बनते आणि बाकीचा वाटा ध्रुवीय पिंड नावाच्या छोट्या, निकामी पेशींत जातो. तरी अंडपेशीत एस असण्याची शक्यता निम्मीच राहते. निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव. म्हणून प्रत्येक गर्भधारणेत बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, एएस असण्याची चारात दोन आणि एए असण्याची चारात एक असते.

इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आढळतो, आणि तो दूर करणे अत्यंत गरजेचे आहे. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची तीन निरोगी होतील, असे काही घरांत मानले जाते. प्रत्येक बाळासाठी नवी अंडपेशी आणि नवा शुक्राणू असतो, आणि नाणे नव्याने उडते. आधीच्या बाळाचा पुढच्यावर काहीही परिणाम होत नाही. अशा दांपत्याच्या तीन मुलांपैकी एकही रुग्ण नसण्याची शक्यता ६४ मध्ये २७, म्हणजे सुमारे ४२ टक्के. किमान एक रुग्ण असण्याची सुमारे ५८ टक्के. उलट एकच जोडीदार एएस आणि दुसरा एए असेल, तर मुले वाहक होऊ शकतात, पण एसएस होणार नाहीत. म्हणून लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करून घ्यावी. सॉल्युबिलिटी चाचणी केवळ प्राथमिक असते. एएस की एसएस हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच ठरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली, तिचाही भर अशाच तपासणीवर आणि समुपदेशनावर आहे. वाहक असणे हा दोष नाही. ते जनुक कोणाच्या वाट्याला यावे हे पेशीतल्या एका सोडतीने ठरलेले असते, आणि त्यासाठी सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

स्त्री आणि पुरुष यांच्यातील वेळेचा फरकही लक्षात ठेवावा. पुरुषात हे विभाजन वयात आल्यापासून सतत चालते. मुलीच्या बाबतीत मात्र ती आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे पहिले विभाजन सुरू होऊन पूर्वावस्थेत थांबते, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी, अंडमोचनाच्या वेळी, पुढे सरकते. दुसरे विभाजन तर फलन झाल्यावरच पूर्ण होते. इतकी वर्षे जोडीला धरून ठेवणारी कोहेसिन प्रथिने हळूहळू क्षीण होतात. एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे नीट वेगळी झाली नाहीत तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. आईचे वय ३५ असताना ही शक्यता सुमारे ३५० त एक आणि ४० असताना सुमारे १०० त एक इतकी असते.

चौथी पायरी: रोपवाटिका आणि शेत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. जंबेरीच्या आणि संत्र्याच्या एका बीत अनेकदा एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यांतला एक फलनातून आलेला असतो; बाकीचे आईच्या बीजांडातील ऊतीपासून साध्या सूत्री विभाजनाने तयार होतात. या दुसऱ्या गर्भांत जोडी जुळलीच नाही, फुटलीच नाही, म्हणून ते आईच्या झाडाची नक्कल असतात. खुंट एकसारखे मिळतात ते याच कारणाने. फलनातून आलेली रोपे मात्र वेगळी निघू शकतात, त्यामुळे रोपे गादीवाफ्यातून पिशवीत लावताना फार खुजी, फार उंच किंवा पानांनी वेगळी दिसणारी रोपे काढून टाकावीत. खुंटावर भरलेला डोळाही सूत्री विभाजनानेच वाढतो, तेव्हा तो ज्या मातृवृक्षाचा घेतला, त्याचेच गुण आणि त्याचेच विषाणू कलमात उतरतात. मातृवृक्ष निवडताना जेवढी काळजी घ्यावी तेवढी थोडी. याच सोयीने संशोधकांची अडचणही होते. नवा वाण मिळवायला फलनातून आलेलेच रोप हवे असते, आणि आईच्या नकलांच्या गर्दीत ते बरेचदा मागे पडते.

कपाशीत असे काही नसते. १९७० साली सुरतेहून आलेल्या एच-४ या वाणाने संकरित कपाशीचे व्यापारी युग सुरू झाले. संकरित झाडाच्या प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या पालकांची गुणसूत्रे असतात, आणि त्याच्या फुलांत ती विस्कटून पुन्हा जुळतात. म्हणून पुढच्या पिढीत एकसारखेपणा जातो. बोंडअळीविरोधी जनुक एकाच पालकाकडून एका गुणसूत्रावर आलेले असेल, तर स्वपरागणातून मिळालेल्या सरकीपैकी सुमारे चौथा भाग त्याविना उगवतो. साठवलेली संकरित सरकी न पेरण्याचा सल्ला या हिशेबातून येतो. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन कपाशीत ५२. त्यांच्या संकरात ३९ येतात, त्यांपैकी १३ जोड्या जुळतात आणि १३ गुणसूत्रे एकटी पडतात, त्यामुळे ते झाड जवळपास वांझ राहते. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ मिळून खेचरात ६३ होतात, तिथेही हीच अडचण येते. केळीत तर प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, एकूण ३३. तिघांची सरळ वाटणी होत नाही, म्हणून खाण्याच्या केळीत बी धरत नाही आणि लागवड मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी करावी लागते.

पाचवी पायरी: विभाजन कधी होते ते पाहा

प्राण्यांत अर्धसूत्री विभाजनातून थेट युग्मके बनतात, पण सगळीकडे तसे नसते. पावसाळ्यात भिंतीवर वाढणाऱ्या हरितेचा (मॉसचा) हिरवा भाग एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेला, असतो. विभाजन तिच्या टोकावरच्या बोंडीत होते आणि त्यातून बीजाणू मिळतात. या हिरव्या भागात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, म्हणून तिथे अप्रभावी गुण लपून राहू शकत नाही.

मधमाशीत राणी आणि कामकरी माश्या फलित अंड्यातून येतात आणि त्यांच्यात ३२ गुणसूत्रे असतात. नर अफलित अंड्यातून येतो आणि त्याच्यात १६. त्याच्याकडे जोड्याच नसल्यामुळे शुक्राणू तयार होताना संख्या निम्मी होत नाही, आणि त्याचे सगळे शुक्राणू जनुकीयदृष्ट्या एकसारखे असतात. नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. एकाच नराच्या मुली असलेल्या कामकरी बहिणींमध्ये सरासरी तीन चतुर्थांश जनुके सामाईक असतात, आई-मुलीत मात्र निम्मीच.

संत्र्याच्या कोवळ्या फुटीवर आणि कपाशीवर येणारा मावा याच प्रश्नाचे शेतातले उदाहरण आहे. अनुकूल हवेत मादी फलनाशिवाय थेट पिले देते, तीही माद्याच, आणि या पुनरुत्पादनात गुणसूत्रांची संख्या निम्मी होत नाही. त्यामुळे एखादी मादी कीटकनाशकाला दाद देत नसेल, तर तिच्या सगळ्या संततीत ती ताकद जशीच्या तशी उतरते आणि थोड्याच आठवड्यांत बागेत त्याच वंशाची गर्दी होते. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा फवारून तिलाच मोकळे रान मिळते. म्हणून फवारणीत औषधाचे केवळ नाव बदलून भागत नाही. डब्यावर छापलेला क्रियागट (औषध किडीवर कोणत्या पद्धतीने काम करते तो गट) पाहून तो बदलावा, आणि लेडीबर्ड भुंगेरे दिसत असतील तर फवारणी पुढे ढकलावी.